देवीचा पहिला कौल

मंडळी, ऐका! आज देवीपुढं कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस विचार करतो, करतो, करतच राहतो — हे शहाणपण की पाप? घाई करणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. ठीक! मग वेळ दवडणाऱ्याला काय म्हणायचं? बोला की! नाही? बरं, मग शंकररावांची हकिकत ऐका.

गडहिंग्लजचे शंकरराव कित्तुरे, निवृत्त हेडमास्तर. देवभोळा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच — भाजीला गेले की सगळा बाजार दोनदा फिरणार आणि रिकामी पिशवी घेऊन परत येणार! हसताय? हसा, हसा. पुढं हसायला जागा नाही.

त्यांच्या पत्नी रत्नाक्का. काचबिंदूनं डावा डोळा गेलेला, उजव्यात थोडीशी नजर उरलेली. ज्येष्ठात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या. किती दिवस टिकेल, भरवसा नाही."

रस्त्यावर आल्या आल्या रत्नाक्का म्हणाल्या, "मला दूधसागर दाखवा. लहानपणी बाबांबरोबर आगगाडीनं गेले होते. धबधबा आला तेव्हा मला झोप लागलेली. बाबा म्हणाले, येताना बघ. आणि येताना मोटारीनं आलो! अहो, आगगाडीच्या खिडकीतनं बघायचाय मला."

झालं की नाही उत्तर? बेळगाव गाठायचं, खिडकीत बसवायचं, निघायचं! पण छे! मेहुणे शिवाप्पा आले ना! "दाजी, आगगाडी कशाला? भाड्यानं मोटार घेऊ. दारात बसायचं, हवं तिथं थांबायचं. मंगेशी होईल, शांतादुर्गा होईल, समुद्र होईल. अक्काला स्टेशनचे जिने चढायला नकोत."

शंकररावांना वाटलं, त्याचंही खरं! तिचंही खरं! अन्न गोड लागेना. शेवटी काय केलं? गावदेवीला कौल लावला! गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर आगगाडी, डावी पडली तर मोटार.

पडली! उजवी!

घरी जायचं की नाही? पण मनात किडा वळवळला — वाऱ्यानं पडली असेल तर? पुढच्या मंगळवारी पुन्हा कौल. या खेपेला डावी! तिसऱ्या मंगळवारी एकही पडेना. तासभर हात जोडून उभे! आणि घरी रत्नाक्का निरांजनाची वात बोटांनी चाचपून लावताहेत, पोळून घेताहेत, आणि एका शब्दानं विचारत नाहीत. का विचारतील? एकदा सांगितलं होतं ना!

चौथ्या मंगळवारी गुरवच कडाडला, "मास्तर, देवी एकदाच सांगते! पहिला कौल तिचा. बाकीचे तुमचे!"

तेव्हा चटका बसला. शंकरराव तडक बेळगावला गेले, तिकिटं काढली, धापा टाकत घरी आले. "रत्ना! आगगाडी! खिडकीची जागा मिळाली!"

रत्नाक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली... आणि भिंतीकडे बघून हसल्या.

मंडळी, नवरा दारात उभा होता. भिंत दुसरीकडे होती.

पेटीवाले, थांबा. इथं सूर नको.

तरी गेले. तिनंच हट्ट धरला, "तिकिटं वाया का घालवायची?" आगगाडी घाटात शिरली. बोगद्यांमागून बोगदे. मग एकदम गार तुषार आत आले, डब्यात आरडाओरडा झाला. रत्नाक्कांनी गजांना घट्ट धरलं. "आला का? अहो, आला का? कसा दिसतो? सांगा ना!"

शंकरराव बघत होते. डोळ्यांपुढं एवढं मोठं पाणी कोसळत होतं. महिनाभर आगगाडी की मोटार यावर हा माणूस अखंड बोलला होता! आता जीभ उचलेना. कसाबसा म्हणाला, "पांढरा."

"बरं. आणि?"

आणि काही नाही! एवढाच शब्द सापडला. तेवढ्यात बोगदा आला, काळोख झाला, धबधबा मागं गेला. रत्नाक्का जागेवरून उठल्या. "तुम्ही बसा खिडकीत," त्या म्हणाल्या, "मला आता कुठंही बसलं तरी चालतं."

रागानं नाही हो म्हणाल्या! रागावल्या असत्या तर तो माणूस वाचला असता. त्या खिडकीत बसून तो गोव्यापर्यंत रडला, आणि ते रडणंही तिला दिसलं नाही.

आता उत्तर द्या. शहाणपण की पाप? देव बोलत नाही म्हणून आपण रडतो. अरे, तो पहिल्याच दिवशी बोलला होता, रस्त्यात, बायकोच्या तोंडून! त्यावर पुन्हा कौल लावायला गेलास तू!

पुरुषमंडळी, जरा पलीकडं बघा. बायकांच्या रांगेत तुमचीही कुणी बसली आहे. तिनं एकदा काही मागितलं होतं. काय होतं ते? आठवा. ज्याला आठवत नाही, त्यानं आज आरतीला हात जोडण्याआधी उठावं, तिच्यापाशी जावं आणि विचारावं. देवी थांबेल. तिला थांबायची सवय आहे. माणसाचे डोळे थांबत नाहीत.