हात खाली केला की रस्ता सुटते

…म्हणून तर म्हणून राहिलो, रद्द होऊन जाईन तुयं चालान, तू कायले वरच्या साहेबाकडं जाते? अर्जात लिही — गाडीवर मागं पेशंट होता, म्हणून लाल सिग्नल तोडला. साहेबाची सही मी घेऊन ठेवतो. हव, हिंदीत बोल, मले समजते. स्नेहल श्यामकांत देवतळे — नाव वाचलं तवाच म्हटलं, आपल्याच इकडची पोट्टी. मी धर्मपाल. बावीस वर्षं तात्यापाऱ्याच्या चौकात शिट्टी फुंकली, मग गुडघे गेले म्हणून कॅमेऱ्याच्या खोलीत बसवलं, आता तीन आठवडे झाले, या चालानच्या खिडकीत आहो.

फोटो? पाहून घे ना, स्क्रीन फिरवतो. ही तू, हेल्मेट घालून. मागं तुये बाबा — दुपट्ट्यानं पाठीशी बांधले होते काय? पडू नये म्हणून. चांगलं केलं बेटा. डोळे उघडे दिसून राहिले त्यायचे. अकरा वाजून चोवीस मिनिटं. दवाखान्यात पोचता पोचता गेले, हे तुया व्हिडिओच्या अर्जात वाचलं मी. लई वाईट वाटलं.

आता व्हिडिओ कायले पाहिजे तुले? किती वेळ थांबली ते मोजाले? काहून? — आई म्हणते, चालानच्या भीतीनं पोट्टीनं बाप घालवला? असं म्हणते ते? दुःखात माणूस काहीही बोलते, मनावर घेऊ नको. आन मोजून काय करशील, नऊ मिनिटं म्हणजे काही — नाई, फोटोत नाई लिहिलं. अंदाजानं म्हटलं मी. हे नवीन सिग्नल तसे हुशार आहेत, गाड्या मोजतात, जिकडं गर्दी तिकडं हिरवा देतात, दोन मिनिटांच्या वर कोणाले थांबवत नाहीत. हो, मग नऊ कशे झाले — बरोबर विचारलं तू.

मंत्रीसाहेबाचा ताफा होता त्या दिवशी. ताफा असला की मशीनवर सोडत नाहीत, कॅमेऱ्याच्या खोलीतला माणूस बटन दाबून बाजूचा रस्ता लाल धरून ठेवते. ताफा गेला की दुसरं बटन दाबाचं, मग मशीन पुन्हा आपलं आपण चालते. त्या माणसानं दुसरं बटन दाबलं नाई. मुद्दाम नाई — आता तुले कसं सांगू. मी बटन दाबलं ना, की खुर्चीत बसल्या बसल्या माया डावा हात वर जाय. बाजूचे सगळे हसत. बावीस वर्षं हात वर केला की रस्ता थांबे, हात खाली केला की सुटे, त्याच्यात दुसरं बटन कुठं होतं? ताफा निघाला, मी हात खाली केला, झालं. उठलो आन चहा प्यायले गेलो.

आलो तं सगळा रस्ता उभा. रेषेच्या मागं, एकदम शिस्तीत. पहिलेचे लोक असते तं दोन मिनिटांत घुसले असते, मले शिव्या देत. आता चालान घरी येते ना, कोणी हालत नाई. सगळ्यात पुढं पांढरी स्कूटी, मागं बांधलेला माणूस. चौकात असतो तं लांबूनच पाहून तुले काढून दिलं असतं, बाकीच्याइले ढकलून काढलं असतं. मी बटनाकडं हात नेला आन तू निघाली. कॅमेऱ्यानं तेवढंच धरलं.

तुयी चूक नाई. हे एकदा नीट ऐकून घे, स्नेहल. तू थांबली कारण थांबाले सांगितलं होतं.

काय? हेच कागदावर? आईले दाखवाले?

नाई बेटा, कागदावर नाई देता येत. चार महिने राहिले माये रिटायर व्हायले. घरी बायको आहे, कुसुम, तिचं औषधपाणी आहे — नाई, तुले काय त्याचं. खरं आहे तुयं. आईले म्हण सिग्नल बिघडला होता. बिघडला नव्हता, पण म्हण. आन व्हिडिओचा अर्ज इथंच राहू दे, मी… मी पाहतो त्याचं. असं नको पाहू. मी इथं काही बोललो नाई, तू काही ऐकलं नाई. हे घे, शिक्का मारला, रद्द झालं. फोटोचा कागद पाहिजे असन तं ठेव, त्याच्यात तुये बाबा चांगले दिसतात.

आता बाजूले हो. मागं लोकं केव्हाचे उभे आहेत.