नकाशावरचे दोन गोल

विमानखात्याच्या चौकशी कार्यालयाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसले होते. विमान चालवायला शिकवणारे सर आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टरबाई. सरांच्या मांडीवर नकाशा उलगडलेला.

"वा, डॉक्टर! थेट दारूगोळ्याच्या कारखान्यावरून विमान नेलंत. आता परवाना विसरा. माझी नोकरीही."

"सर, मला वाटलं तिथून जाता येतं."

"हो तर! तिथे बंदीचा एवढा मोठा गोल काय शोभेला छापलाय? दाढेतली बारीक कीड बरी दिसते तुम्हाला!"

"गोल दिसला होता."

"मग वळसा का नाही घातलात?"

"मला वाटलं, तुमच्या चहाच्या कपाचा डाग आहे. शिकवताना तुम्ही कप नकाशावरच ठेवता. आणि उन्हाने छापील गोलही तपकिरीच झालाय."

"म्हणजे चूक माझी! धन्य आहात. अहो, वळसा घालायचा तो गोल मी पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवला होता."

"हो, पण तो हा इथला, कारखान्यापासून लांबचा. तीन महिने न चुकता घालतेय वळसा. तुम्हीही घालता."

"घालणारच! नियम म्हणजे नियम. हा नकाशा आल्यापासून घालतोय."

"जरा नखाने खरवडून बघा ना, सर."

सरांनी त्या गोलावर नख घासलं.

"निघतोय की हो हा..."

कार्यालयाचं दार उघडलं. "नकाशा घेऊन दोघंही आत या."

"आलोच साहेब, दोन मिनिटं! डॉक्टर, रुमाल ओला करून आणा. पटकन."

"आणते. पण सर, पुसायचा कुठला?"