शटरला दोन कुलपं

स्टार्टअपचं नाव काढू नका माझ्यासमोर, आधी चहा पिऊ द्या.

माणिकपूरला एक दुकानाचा गाळा भाड्याने द्यायचा होता. मालक चांदीपचे गजाननकाका. त्यांच्या शटरला मी आमचं मोबाइलवर उघडणारं कुलूप बसवलं. ज्याला गाळा बघायचाय त्याने आमच्या ॲपवर कोड घ्यायचा आणि स्वतः उघडून बघायचं. एजंट नको, चावीसाठी फोनाफोनी नको. आमचा सगळा धंदा एवढ्यावरच उभा!

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्यासाठी जागा शोधणाऱ्या एक डॉक्टरबाई. नायगावहून आल्या आणि शटरसमोरून मला फोन. "कोड लागला हो, पण खाली दुसरं कुलूप आहे."

त्यांना थांबवून मी काकांना लावला. "काका, वर कुलूप आहे ना? मग खाली कशाला लावलंत?"

"अरे, तुजी ती मशीन एवढी म्हागाची. कोनी काढून नेली म्हंजे?"

"आणि चावी?"

"बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडं. कोनीपन मागितली तर देतो तो. वरच्या मशीनचा माजा कोडपन त्यालाच सांगून ठेवलाय."

कपाळावर हात मारला आणि बाईंना म्हटलं, शेजारी विचारा. फोन चालूच होता, त्यामुळे झेरॉक्सवाल्याचं सगळं ऐकू आलं.

"तो गाळा? सकाळीच एकाला दाखवला, त्याला पसंत पण पडला. काकांना सांगायचंय अजून. तुम्हाला दुसरा दाखवू का, मॅडम? या अख्ख्या लाइनीच्या चाव्या माझ्याकडेच असतात."

"दाखवा ना," बाई म्हणाल्या, आणि माझा फोन कट केला.