चहावर रंगलेली पार्टी

आखातातल्या अल वक्र्याच्या मेट्रो स्टेशनबाहेर, बसच्या रांगेत माझ्यामागे दोन सुतार उभे होते. एकाच्या मोबाइलवर इंग्रजी गाणं चाललेलं. गाण्यामागे ग्लासांची किणकिण, आणि कुणीतरी खो-खो हसत होतं.

"मच्छिंद्र, हे हसणं तुझं?"

"माझंच की. हा गाणारा म्हातारा हॉटेलच्या बारमध्ये ब्लूज, म्हणजे दुःखाची गाणी गातो. पार्टीचा अल्बम काढायचा होता त्याला, बारमध्ये बसून ऐकल्यागत. पण तिथं रेकॉर्डिंगला परवानगी मिळंना."

"मग?"

"स्टुडिओत आमचं लाकूडकाम चाललेलं. म्हणाला, यल्ला, चला, हातोड्या ठेवा, समोर बसा. टाळ्या वाजवा, हसा."

"अन् हे ग्लास?"

"चहाचे. दारूचा थेंब नव्हता."

"गाणं कळलं तुला?"

"इंग्रजी कुठलं कळतंय! स्टुडिओच्या साहेबानं हिंदीत सांगितलं, बायको सोडून गेली म्हणून गातोय. पण म्हातारा तोंडं अशी करायचा, हसून हसून पोट दुखलं."

"वहिनीला पाठवलंस का नाही?"

"तिथंच चुकलं, चेतन. ऐकलं अन् शालू म्हणाली, तुम्ही प्यायला लागलात."

"चहा होता म्हणून सांगायचं."

"सांगितलं की. मग म्हणाली, चहा तर मीपण रोज करून देत होते. असं कधी हसला नाहीत."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, आवाज येईना. अन् फोन ठेवला."