सहा खोल्या, सहा किल्ल्या

मी, खाली सही करणारा, वय ५९ वर्षे, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, शिक्षण सातवी, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, दाराला बाहेरून कडी बसवायची तर चार स्क्रू आणि दहा मिनिटे लागतात. सहा दारांचा एक तास धरा. त्यातली एक कडी माझ्या धाकट्या भावाला डावे मनगट आणि खुब्याचे हाड एवढ्याला पडली.

भाऊ ४४ वर्षांचा आहे. त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी, असे डॉक्टर लिहितात. तो दिवसभर माझ्या दुकानात खुर्चीवर बसे आणि मी उभ्याने काम करी, म्हणून गिऱ्हाईक त्यालाच शेठ म्हणे. जुन्या किल्ल्या निवडून दाराच्या एका डब्यात, कपाटाच्या दुसऱ्यात आणि गाड्यांच्या तिसऱ्यात टाकणे हे त्याचे काम. त्यात त्याची चूक मी पाहिलेली नाही. मी स्वतः रस्त्यावर पेटी मांडून सुरुवात केली. मी घडवलेल्या प्रत्येक किल्लीच्या माथ्यावर दोन ठिपके ठोकतो. ठिपकेवाली किल्ली लागली नाही, असे सांगत बत्तीस वर्षांत कोणी आलेले नाही. हे मी सगळ्यांना सांगतो, म्हणून इथेही सांगितले.

आई वारल्यावर शेठला दिवसभर सांभाळणारे घरात कोणी उरले नाही. त्याच सुमारास, ज्या निवासाविरुद्ध ही तक्रार आहे त्याचा ड्रायव्हर दुकानात काम घेऊन आला, त्याने त्यांची पुस्तिका दिली. मतिमंद माणसांनी मदतनिसांच्या आधाराने स्वतंत्र राहावे, असे तीत लिहिले होते. पुस्तिकेत चार रहिवासी हसताना दाखवले आहेत. त्यातले दोन संचालिका मॅडमचे भाचे आहेत, हे मला मागाहून कळले.

मॅडम मला म्हणाल्या, "आमच्याकडे पेशंट नाहीत हं, काका. इथे प्रत्येक जण आपल्या घराचा मालक. सहा खोल्या, सहा किल्ल्या. ज्याची त्याच्या गळ्यात." त्यांनी शेठच्या गळ्यात दोरी घातली. किल्लीच्या माथ्यावर पिवळ्या प्लास्टिकची टोपी होती, टोपीवर हसरा सूर्य. किल्लीचे नाव काढले की मी विरघळतो. विरघळलो.

रहिवाशांच्या खोल्या निवासाच्या वरच्या मजल्यावर आहेत, तिथे नातेवाइकांना जाऊ देत नाहीत. कारण, रहिवाशांच्या खासगीपणाचा मान. भेट दर रविवारी खालच्या हॉलमध्ये. तिथे भिंतीवर 'आज मी काय निवडले' असा तक्ता आहे. पंधरा तारखेला मी पाहिला तेव्हा महिनाअखेरपर्यंतच्या निवडी करून झालेल्या होत्या, एकाच पेनाने.

पहिल्याच रविवारी शेठ म्हणाला, "दादा, किल्ली लागत नाही."

"हळू फिरव. जोर नको लावू."

"ही कपाटाच्या डब्यातली आहे."

"अरे, हल्ली दाराच्याही अशाच येतात. तू मला शिकवणार का?"

असे सात रविवार झाले.

घटनेच्या दिवशी, मंगळवारी, दुपारी दोन ते पाच सर्व मदतनीस शेजारच्या इमारतीत प्रशिक्षणाला होते. विषय 'रहिवाशांची प्रतिष्ठा'. तिथल्या मदतनीस मावशी मला म्हणाल्या, "मॅडम बोलल्या, कड्या घालूनच या, मधेच उठायला नको. मी सहाही घातल्या. तुम्ही मला काय ते बोला, दादा." चारच्या सुमारास शेठला संडासला जायचे होते. संडास खोलीबाहेर, बोळाच्या टोकाला आहे. समोरच्या सायकलवाल्याने अर्धा तास दार बडवल्याचा आवाज ऐकला. त्याला वाटले, सुतारकाम चालू आहे. मग शेठ खिडकीतून शेडच्या पत्र्यावर उतरला. पत्रा फाटला.

संध्याकाळी मॅडम दवाखान्यात फाइल घेऊन आल्या. शेठ शुद्धीवर होता, ओल्या विजारीची लाज वाटून तोंड फिरवून पडला होता.

"उडी मारली त्यांनी. वर्तनाची समस्या. तशी नोंद केलीय आम्ही."

मी विचारले, "दारानं का नाही आला तो?"

"किल्ली त्यांच्या गळ्यात होती, काका. खिडकी ही त्यांची निवड. आम्ही निवडीचा आदर करतो."

"म्हणजे हाड मोडलं ते आदरानं?"

"तुम्ही भावनेच्या भरात आहात. इथे सही करा."

मी त्यांचा काका नाही, हे नमूद करावे. कागदावर, भावाने दार उघडता येत असताना स्वेच्छेने उडी मारली, असे होते. मी सही केली नाही. ही नोंद राहिली तर दुसरे कोणतेही निवास त्याला घेणार नाही, आणि माझ्या घराचा जिना त्याला आता चढता येणार नाही. माझी तक्रार एवढ्यासाठी आहे.

काल हवालदारांसोबत मी वरचा मजला पाहिला. सहाही दारांना बाहेरून कड्या आहेत, तेल घातलेल्या. शेठची किल्ली त्याच्या दारात अर्धीही शिरत नाही. खाली स्वयंपाकघरातल्या झाडूंच्या कपाटाला ती अलगद लागते. बाकी पाच रहिवाशांच्या किल्ल्याही त्याच कपाटाला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "लागणं महत्त्वाचं नाही. मालकीची भावना महत्त्वाची." त्यानुसार तीन झाडू आणि एक बादली यांचे सहा मालक आहेत.

भावाला दार उघडता येत नव्हते. तो खरे सांगत होता, सात वेळा.

येथपर्यंतचा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही करण्याआधी पुढील मजकूर माझ्याच सांगण्यावरून वाढवला. किल्ल्या पाकिटात बंद करताना जबाब घेणाऱ्या साहेबांनी किल्ल्यांवरच्या पिवळ्या टोप्या काढल्या. पुस्तिका दिली त्या दिवशी ड्रायव्हरने माझ्याकडून एका नमुन्यावरून सहा किल्ल्या करून नेल्या होत्या. कशाच्या, ते मी विचारले नव्हते. हेही वाचून दाखवले, बरोबर आहे. सहाही किल्ल्यांच्या माथ्यावर दोन ठिपके आहेत.