छेद चारच राहतो

—नाही बाई, आठवा नाही देता यायचा. वर्गात अंशाधिक अपूर्णांक दाखवायचाय, सात छेद चार, म्हणून तुम्ही सात तुकडे मागितलेत, सात घ्या. हे बघा, चार या खोक्यात जुळवून बसवले, झाला एक अख्खा केक, नि उरलेले तीन या दुसऱ्यात— एक पूर्णांक तीन छेद चार. पावणेदोन. हसताय काय, दुकान बंद करताना उरलेले तुकडे रोज असेच जुळवतो आम्ही. मला कुठलं येतंय, लेकीने शिकवलं, या स्टुलावर बसून. तिला स्वतःला मात्र पटायचं नाही ते. म्हणायची, आई, सात आहेत तर सातच म्हणूया ना, चौघांना एकात कोंबलं की ते दिसेनासेच होतात. मग मीच समजूत घालायची— अगं, खाली चार लिहितेस ना, छेद बदलत नाही, म्हणजे आहेत ते आत.

कितवीत? नाही, ती गेली. ताप आला नि... जाऊ दे.

तेव्हा आम्ही चौघं होतो. थोरला नोकरीसाठी परगावी, तो काही परत यायचा नाही. आता हे आणि मी, दोनच. दोन छेद चार. तुम्ही म्हणाल, अर्धा म्हणा की सरळ— मी नाही म्हणत. म्हणून रोज शेवटचा एक तुकडा तिच्या ताटलीत काढते, आत ओट्यावर झाकून ठेवते. आणि बाई, सकाळी ताटली रिकामी असते. हे म्हणतात, उंदीर असेल. आता उंदीर काय ताटली घासून पालथी घालतो? खिडकीपाशी, अगदी ती घालायची तशी? कुणाला सांगत नाही मी, वेड्यात काढतील. तुम्हालाही सांगणार नव्हते. पण सकाळी उठावंसं वाटतं ते त्या ताटलीपायीच बघा.

आणि आज हे म्हणाले, यापुढे तुकडा ठेवू नकोस, विकून टाक. का, तर डॉक्टरांनी झापलं— यांची साखर उतरतच नाहीये, पाय बधिर व्हायला लागलेत. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, अहो, जन्म बेकरीत गेला पण माणूस गोडाला बोट लावत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा, माझ्या डोळ्यांदेखत. मग यांच्या साखरेचा नि माझ्या लेकीच्या तुकड्याचा संबंध काय, तुम्हीच सांगा. तुकडा तर ती—

तुकडा तर...

काही नाही. थांबा जरा. भट्टीकडून येताहेत ते, पाय ओढत.

बाई, तो दुसरा खोका द्या इकडे. हा आठवा, बसला बरोबर. घ्या म्हणते ना. वर्गात सातच दाखवा, हा तुम्ही घरी खा. पैसे नकोत त्याचे. आणि यांना काही बोलू नका, त्यांना वाटू दे मला कळलं नाही.

निघा आता, शटर ओढायचंय.