डॉल्फिनवरचा मुलगा

नाही रे पारख्या, आधी अंगठा काढ – नाण्यावरच्या पोराच्या तोंडावर ठेवलायस. हां. आणि ती छिन्नी ठेव जरा खाली, घाई कसली, धक्क्याला आज एकच तर जहाज लागलंय. रोज माझ्याकडचे भाजके हरभरे फुकट चघळतोस, आज दोन शब्द ऐकून घे. हे चांदीचं नाणं तारासचं, इटलीकडचं – माझ्या लेकानं, हेगिअसनं धाडलंय. हिवाळ्याच्या तोंडी त्याचं जहाज तिकडं फुटलं, तुला ठाऊकच आहे, सगळं पिरेयस बंदर माझ्या दारात रडून गेलं. मी नाही रडले. मग हा दामोन आला, खलाशी. म्हणाला, आई, तुमचा लेक जिवंत आहे, तारासात आहे, खूण म्हणून हे दिलंय. बघ ना, डॉल्फिनवर कसा बसलाय, हात पुढे करून. समुद्रदेवाचा मुलगा तो – बुडत होता, बापानं डॉल्फिन धाडला. अशी खूण कुणी उगाच देईल का? नाही देणार – हो, दामोन अजून आमच्याकडेच आहे. जेवतो, झोपतो, माझ्या नवऱ्याचा झगा घालून हिंडतो. हिंडू दे की, बातमी आणलीय त्यानं. सून म्हणते, सासूबाई, ह्यांचं रिकामं थडगं बांधा आणि मला माहेरी जाऊ द्या. तिनंच पाठवलंय मला तुझ्याकडे. म्हणाली, नाणं खरं तर माणूस खरा, मी थांबते – खोटं निघालं तर उद्या थडगं. मी हो म्हणाले. का नाही म्हणणार, मला काय भीती –

ते कडेला? तांबूस? डाळिंबाचा डाग असेल. राखेनं घासते मी, रोज घासते, तरी तेवढं – तेवढं राहतंच. आणि हलकं म्हणशील तर ते मलाही पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं, पण म्हटलं, माझ्या हाताला काय कळतंय.

बरं, काप, आत चांदी आहे की तांबं ते बघ. पोरावरून नको. शेपटीकडून घे, तिथं नुसतं पाणी आहे. मी तिकडं बघते. खोटं असलं की तू ते देवमातेच्या पेटीत टाकतोस, खरं असलं तरच परत देतोस, माहीत आहे मला. हा बघ, हात पुढे केलाय.

झालं?

अरे, हात इकडे आहे माझा. पेटी कशाला उघडतोस?